मेलेले झाड दरवर्षी महाग होते

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियात राहणाऱ्या आपल्यापैकी ज्या कुटुंबांनी ताहो सरोवराच्या आसपास किंवा सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या उतारांवर सुट्टीचे घर घेतले आहे, त्यांना झाड काढण्याचा पहिला खर्चाचा अंदाज हाती आला की धक्का बसतो. एका मोठ्या पाइनसाठी तेथे सर्वसाधारणपणे 1,000 ते 3,000 डॉलर मागितले जातात, आणि क्रेन आणावी लागली की आकडा त्याच्याही बराच पुढे जातो. हा पैसा नेमका कशाचा, एवढाच आजचा विषय आहे.

झाड जितके उंच तितका दर जास्त, हे खरे असले तरी अपुरे आहे. मोकळ्या सपाट जागेतले तीस मीटरचे झाड बुंध्याशी कापून एका दिशेने पाडता येते. तेच झाड उतारावर असेल, एका बाजूला छप्पर, दुसऱ्या बाजूला विजेची तार आणि खाली शेजाऱ्याचे अंगण असेल, तर माणसाने वर चढून शेंड्यापासून एकेक तुकडा कापायचा आणि दोराने खाली सोडायचा, असे ते काम होते. शिवाय ओंडके चढावरून रस्त्यापर्यंत आणायचे असतात. लाकूड तिथेच ठेवून घेण्याची तयारी असेल, तर बिलातला मोठा भाग कमी होतो. बुंधा यंत्राने जमिनीखालपर्यंत खरवडून काढण्याचे पैसे बहुधा वेगळे असतात. उतारावर मुळे माती धरून ठेवतात, त्यामुळे तो बुंधा आहे तसा राहू देणेच माझ्या मते शहाणपणाचे.

उरलेली मोठी रक्कम माणसांच्या जोखमीची असते. कॅलिफोर्नियात पंधरा फुटांहून उंच झाडे काढण्याचे काम परवानाधारक कंत्राटदारानेच करायचे असते, आणि 2023 पासून या कंत्राटदारांना, हाताखाली एकही कामगार नसला तरी, कामगार नुकसानभरपाईचा विमा सक्तीचा आहे. जो निम्म्या दरात काम करून देतो म्हणतो, तो बहुतेक वेळा हाच विमा वाचवत असतो. माणूस आपल्या आवारात वरून पडला, तर त्याच्या भरपाईचा खर्च घरमालकाच्या अंगावर येऊ शकतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कॅलिफोर्नियातल्या 2012 ते 2016 च्या दुष्काळात पाण्याअभावी दुबळ्या झालेल्या पाइनच्या झाडांना पुरेसा चीक गाळता येईना. सालीखाली पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांना बाहेर लोटण्याचे झाडाचे मुख्य साधन म्हणजे हा चीकच. अमेरिकेच्या वनसेवेच्या पाहणीनुसार 2010 ते 2017 या काळात कॅलिफोर्नियात सुमारे 12 कोटी 90 लाख झाडे मेली. घरमालकाला वाटते, झाड मेलेच आहे, पुढच्या वर्षी पाहू. परंतु चढणारा माणूस आपला दोर त्याच झाडाला बांधतो. मेलेल्या पाइनचे लाकूड बुरशीने लवकर ठिसूळ होते, शेंडा मोडू लागतो, आणि मग कोणताही जाणता चढणारा त्यावर पाय ठेवत नाही. त्यानंतर उरते ती क्रेन किंवा उंच पाळण्याची गाडी. अरुंद, चढाच्या वाटेवर त्या दोन्ही पोहोचतीलच असे नाही. जे काम पहिल्या वर्षी दोराने झाले असते, ते तिसऱ्या वर्षी कितीतरी महाग पडते. थकलेल्या कर्जावर व्याज चढावे, तसे हे आहे.

छाटणीचे गणित वेगळे आहे, कारण तेथे कायदाच काम नेमून देतो. वणव्याच्या धोक्याच्या क्षेत्रात घराभोवती शंभर फुटांपर्यंत, किंवा आपली हद्द संपेपर्यंत, जळाऊ वाढ कमी ठेवणे बंधनकारक आहे. धुराड्याच्या तोंडापासून दहा फुटांत फांदी चालत नाही आणि छपरावर आलेली वाळकी फांदी काढावीच लागते. 2018 च्या ‘कॅम्प फायर’ नावाच्या वणव्यात उत्तर कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज गावाच्या परिसरात 85 माणसे गेली आणि 2021 मध्ये कॅल्डोर वणव्यामुळे साउथ लेक ताहो शहर रिकामे करावे लागले. त्यामुळे या नियमांकडे आता कोणी कागदी सोपस्कार म्हणून पाहत नाही. ताहो खोऱ्यात छातीच्या उंचीवर 14 इंचांपर्यंत व्यासाचे झाड बहुतेक ठिकाणी परवानगीशिवाय काढता येते. त्याहून मोठ्या जिवंत झाडाला परवानगी लागते आणि सरोवराकाठी नियम अधिक कडक आहेत. महाबळेश्वर-पाचगणीला घर असलेल्यांना परवानगीची अट नवी वाटणार नाही. नवे वाटेल ते मजुरी आणि विम्याचे ओझे.

खर्च कमी करायचा तर कंत्राटदाराच्या आधी दोन फोन करावेत. पहिला स्थानिक अग्निशमन विभागाला: ताहोकडचे विभाग घरी येऊन विनामूल्य पाहणी करतात, आणि रस्त्याकडेला रचून ठेवलेल्या फांद्यांचा चुरा करून देण्याची सोयही तेथे आहे. दुसरा वीज कंपनीला: खांबांवरील मुख्य तारांना धोका असलेले झाड कंपनी स्वतःच्या खर्चाने काढते, लाकूड मात्र आपल्या आवारात ठेवून जाते. खांबापासून घरापर्यंत येणाऱ्या तारेभोवतीची छाटणी बहुधा आपल्याकडे असते. त्या वेळी कंपनीकडून वीजपुरवठा तात्पुरता बंद करून घ्यावा. घराच्या विम्यावर मात्र विसंबू नये. झाड छपरावर पडल्यावर विमा कंपनी ते हटवण्याचे थोडेफार पैसे देते, पडण्याआधी काढण्याचे सहसा देत नाही.

शेजारची तीन-चार घरे मिळून एकाच आठवड्यात काम काढतात तेव्हा माणसे आणि यंत्रे डोंगरावर आणण्याचा खर्च वाटला जातो, आणि कंत्राटदारही दर खाली आणायला तयार होतो. लेखी करारात ओंडके कोण नेणार, फांद्यांचा चुरा कोठे टाकणार आणि बुंधा किती उंचीवर कापणार, हे स्पष्ट लिहून घ्यावे. आगाऊ रकमेला कॅलिफोर्नियात मर्यादा आहे: एकूण रकमेच्या दहा टक्के किंवा 1,000 डॉलर, यांपैकी जे कमी असेल ते.