कुंपणाच्या वरून

२७ जून २०२१, रविवार. रात्रीचे पावणेदोन वाजत आलेत. जम्मू विमानतळाला लागूनच असलेल्या हवाई दलाच्या तळावर स्फोट होतो. एका इमारतीच्या छपराचं नुकसान होतं. पाच-सहा मिनिटांत दुसरा स्फोट, हा मोकळ्या जागेत. दोन जवान किरकोळ जखमी होतात. विमानं आणि हेलिकॉप्टर बचावतात.

नुकसान थोडं झालं, पण भारतातल्या लष्करी तळावर ड्रोनने स्फोटकं टाकल्याची ही पहिलीच घटना. तळापासून आंतरराष्ट्रीय सीमा हवाई अंतराने अवघी १४ किलोमीटर. पहारा, भिंत, काटेरी तार, सगळं जमिनीवरून येणाऱ्या माणसासाठी उभारलेलं. त्या रात्री जे आलं, ते या सगळ्याच्या वरून आलं.

मग रडार काय करत होतं, असा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. हवाई संरक्षणाची मोठी रडार वेगाने येणारी, धातूची, मोठी विमानं टिपण्यासाठी बांधलेली असतात. छोटा ड्रोन प्लास्टिकचा, पक्ष्याएवढा, झाडांच्या शेंड्यांना धरून सावकाश जाणारा. पडद्यावर पाखरांची आणि वाहनांची गर्दी होऊ नये म्हणून असले संथ ठिपके बरीच रडार स्वतःच गाळून टाकतात. ड्रोन त्याच गाळात निसटतो.

त्याला ओळखायचं ते त्याच्या पात्यांवरून. गरगर फिरणाऱ्या पात्यांवरून परत येणाऱ्या लहरींत बारीक थरथर असते. पंख हलवणाऱ्या पक्ष्याची थरथर वेगळी. जोडीला, चालक आणि ड्रोन यांच्यातला रेडिओ संवाद पकडणारे संवेदक लागतात आणि खात्री करून घ्यायला रात्रीही पाहू शकणारा कॅमेरा. यातलं एकच साधन बसवून निर्धास्त होणं धोक्याचं आहे.

ड्रोन दिसला, आता थांबवायचा कसा? पहिला मार्ग जॅमिंगचा, म्हणजे रेडिओ संदेश दडपून टाकण्याचा. चालकाशी असलेला संपर्क तोडला की बरेच ड्रोन जागच्या जागी उतरतात किंवा निघाले तिथे परत जातात. पण ज्याला वाट आधीच आखून दिली आहे, त्याचा कुठला संपर्क तोडणार? युक्रेनच्या युद्धात तर बारीक ऑप्टिकल फायबरची तार मागे सोडत जाणारे ड्रोन आले. त्यांच्यापुढे रेडिओ जॅमर निरुपयोगी. शिवाय विमानतळाशेजारी जीपीएस जॅम केलं, तर उतरणाऱ्या विमानांनाही त्याचा फटका बसू शकतो.

म्हणून दुसरा मार्ग, पाडण्याचा. डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेच्या यंत्रणेत शोध, जॅमिंग आणि लेझर, तिन्ही आहेत. १५ ऑगस्ट २०२० रोजी ती लाल किल्ल्याजवळ तैनात होती. जम्मूच्या घटनेनंतर दोन महिन्यांत, ३१ ऑगस्ट २०२१ रोजी, नौदलाने अशा यंत्रणेसाठी भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीशी करार केला.

मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षात प्रश्न संख्येचा झाला. ८ मेच्या रात्री लेहपासून गुजरातमधल्या सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी पाकिस्तानकडून अंदाजे ३०० ते ४०० ड्रोन आल्याचं सरकारने सांगितलं. आपली हवाई संरक्षण यंत्रणा चाचपून पाहणं हाही त्यामागचा हेतू असावा, असं तेव्हा सांगण्यात आलं. म्हणजे आपण डागलेली प्रत्येक तोफ पलीकडे नोंदली जात असणार. त्या दिवसांत मोठं काम केलं ते नव्या यंत्रणांशी जोडलेल्या जुन्या एल-७० या विमानविरोधी तोफांनी. स्वस्त ड्रोनवर महागडं क्षेपणास्त्र किती वेळ खर्च करणार? याच गणितातून नागपूरच्या सोलर समूहाने ‘भार्गवास्त्र’ बनवलं: छोट्या रॉकेटांनी ड्रोनचा थवा फोडणारी यंत्रणा. १३ मे २०२५ रोजी ओडिशातल्या गोपाळपूरला तिची चाचणी झाली.

हे झालं सैन्याचं. आमची जास्त काळजी आहे ती नागरी ठिकाणांची. १४ सप्टेंबर २०१९ रोजी सौदी अरेबियात अबकैकच्या तेलप्रकल्पावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचा हल्ला झाला आणि त्या देशाचं जवळपास निम्मं तेल उत्पादन थांबलं. मुंबईत माहुलला तेलशुद्धीकरण कारखाने वस्तीला खेटून आहेत. असा ड्रोन अशा ठिकाणी पाडला, तर तो पडणार कुठे?

आणखी एक अडचण आहे. भारतात खासगी कंपनीला जॅमर वापरता येत नाही. हा नियम योग्यच आहे. ज्याच्या त्याच्या हाती जॅमर गेले तर मोबाइलपासून विमानांपर्यंत सगळ्यांचे हाल होतील. पण याचा अर्थ असा, की खासगी कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याला ड्रोन दिसेल, त्याला रोखता येणार नाही. ड्रोन येऊन पोहोचायला काही मिनिटंच लागतात. रात्रपाळीत फोन कोणाला करायचा, पोलिसांचं पथक कुठून येणार, कोणत्या टाकीजवळची माणसं आधी हलवायची, हे त्या मिनिटांत ठरवता येत नाही. ते आधी कागदावर हवं आणि त्याची रंगीत तालीम झालेली हवी. महागडं रडार घेण्याआधी हे करा, असं आमचं स्पष्ट मत आहे. नाजूक भागांवर जाळ्या आणि भक्कम छप्पर घालणंही तितकंच निकडीचं. रशियात तेलाच्या टाक्यांभोवती असे पिंजरे उभे राहिले आहेत.

आणि ड्रोन आवारात पडलाच, तर त्याला हात लावू नका. स्फोटकं अजून जिवंत असू शकतात, म्हणून परिसर मोकळा करून बॉम्बशोधक पथकाची वाट पाहा. त्याच्या मेमरीत तो कुठून उडाला याची नोंद सापडू शकते. सीमेवर पाडलेल्या ड्रोनमधली अशी माहिती काढण्यासाठी सीमा सुरक्षा दलाने २०२२ मध्ये दिल्लीत खास प्रयोगशाळा सुरू केली आहे.