अकराशेची कोंबडी

श्रोतेहो, सलाम.

मागच्या सुगीत मी अकराशे रुपयांना एक कोंबडी घेतली. बाजारात तिला कुणी चारशेसुद्धा दिले नसते. जालन्याकडच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत रास घरी आली की हंगामाची उपासना होते. वेदीपुढे ज्वारी, तूर, भोपळे, अंडी, कधी एखादं करडू येतं, आणि उपासना सुटली की अंगणात लिलाव. शेजारच्यानं हजार म्हटलं आणि माझ्या तोंडून अकराशे निघून गेले. टाळ्या पडल्या, माईकवरून नाव पुकारलं गेलं. कोंबडी काखेत धरून घरी येताना कळत होतं, हे पैसे देवासाठी कमी आणि शेजाऱ्याला हरवायला जास्त गेले. खजिनदारानं पावती फाडली, मंडळीच्या कामाला पैसे लागले, ते काही वाया गेले नाहीत. खोट माझ्यात होती.

यरुशलेमेतल्या गरीब बांधवांसाठी येशूचा प्रेषित पौल मदत गोळा करत होता. करिंथ शहरातल्या मंडळीला त्यानं पत्रात लिहिलं, आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या मिळकतीच्या मानानं बाजूला काढून ठेवत जा, म्हणजे मी आल्यावर वर्गण्या नकोत. वर्गणी म्हटलं की पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहिलेली पोरं आठवतात ना? तेच त्याला नको होतं. त्यांनाच लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो म्हणतो, ज्यानं त्यानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, द्यावं लागतं म्हणून नाही. 'ठरवल्याप्रमाणे' हा शब्द मी कैक वर्षं नुसता ओलांडून गेलो होतो. लिलावात माणूस ठरवत नसतो, पेटत असतो.

त्याच दिवशी आमच्यातल्या एका आजीनं लुगड्याच्या पदराची गाठ सोडून शेरभर ज्वारी वेदीपुढच्या ढिगावर ओतली. दुसऱ्यांच्या रानात सरवा वेचून, कणसं बडवून काढलेली. गाठ घट्ट बसली होती, ती दातानं सोडावी लागली. ढिगात तिची ज्वारी मिसळून गेली, तिच्यावर वेगळी बोली लागली नाही, नावही पुकारलं नाही.

यरुशलेमेच्या मंदिरातल्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, टाकणारी गरीब विधवा आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. येशूनं शिष्यांना जवळ बोलावून तिच्या दानाचं मोल सांगितलं. तिला काही सांगितल्याचं शुभवर्तमानात मार्कानं लिहिलेलं नाही. पण त्याच्या अगदी आधीचं वाक्य विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल, म्हणजे धर्मशास्त्र शिकवणाऱ्यांबद्दल आहे. गरिबाच्या दानाचं कौतुक व्यासपीठावरून करणाऱ्या आम्हा मंडळीच्या पंचांनी तेही मोठ्यानं वाचावं.

आमच्या भागात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. त्या काळी ख्रिस्ताकडे आलेल्यांत गावकुसाबाहेरची माणसं पुष्कळ होती. पिढ्यान्‌पिढ्या खळ्यावर हात पसरून उभं राहावं लागलेली. त्यांच्या हातानं पहिल्यांदा वेदीपुढे पसाभर धान्य ठेवलं असेल, तेव्हा आपणही देणारे आहोत, हे कळून ते हात जरा थरथरलेच असतील.

यंदाही लिलाव होणारच, लेकरांना त्याची भारी मजा असते. आमच्या घरी मात्र शनिवारी रात्रीच ज्वारीची पायली भरून दाराशी ठेवायचं ठरलंय. आणि बोली सुरू झाली की माझा हात धरून ठेवायचं बायकोनं कबूल केलंय.