शेगावचं टक्कल आणि मेंदूतला गुंता

सेलेनियम हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा 2025 साली बातम्यांत ऐकला असेल. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात लोकांचे केस मुठीमुठीनं हातात येऊ लागले होते. आधी संशय शाम्पूवर आला, मग पाण्यावर. विंचूदंशावरच्या कामामुळे आपल्याला माहीत असलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी मात्र रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. हा गहू पंजाबकडचा आणि त्यात सेलेनियम फार, असा त्यांचा निष्कर्ष होता. पंजाबात होशियारपूर-नवांशहर पट्ट्यातल्या काही जमिनींत ते मुळातच जास्त आहे. तिथल्या गुराढोरांचे केस आणि खूर गळतात, हे पशुवैद्यांना जुनं ठाऊक आहे.

आणि आज मी तुम्हाला सांगायला आलोय की याच मूलद्रव्याचा एक क्षार, सोडियम सेलेनेट, अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजारावर चालतो का, हे तपासलं जातंय! तुम्ही म्हणाल, डोकं ठिकाणावर आहे का?

आहे. सेलेनियम शरीराला लागतंच, पण दिवसाला पन्नासेक मायक्रोग्रॅम, म्हणजे मिठाच्या एका कणाइतकं. अगदीच मिळालं नाही तरीही पंचाईत होते. चीनमधल्या केशान भागात मातीत ते कमी होतं, आणि तिथली मुलं-बायका हृदयाच्या आजारानं दगावत. मेंदूला तर त्याची इतकी गरज, की तुटवडा पडला तर इतर अवयव रिकामे होतात, मेंदू आपला साठा धरून बसतो. यकृत त्यासाठी ‘सेलेनोप्रोटीन पी’ नावाचं एक प्रथिन बनवतं. मेंदूकडे सेलेनियम पोचवणारा हमालच म्हणा.

यावरून एक सरळ हिशेब मांडला गेला. पेशींना गंजण्यापासून वाचवणाऱ्या काही एन्झाइमांना सेलेनियम लागतं, म्हाताऱ्या मेंदूत हा गंज वाढतो, तर द्या गोळ्या! अमेरिकेत साडेसात हजारांवर पुरुषांना रोज 200 मायक्रोग्रॅम सेलेनियम, ई जीवनसत्त्व, दोन्ही किंवा नुसती फसवी गोळी देऊन वर्षानुवर्षं पाहिलं. 2017 साली निकाल छापून आला. स्मृतिभ्रंश टळला नाही. ना सेलेनियमनं, ना ई जीवनसत्त्वानं. माझ्या मते औषधाच्या दुकानातल्या ‘ब्रेन टॉनिक’च्या बाटल्यांवर हा निकाल छापायला हवा, पण छापणार कोण?

सोडियम सेलेनेटची गोष्ट मात्र वेगळी आहे. ते इथे पोषण म्हणून येतच नाही.

मांडव डोळ्यांसमोर आणा. बांबू उभे-आडवे, आणि ते सुंभानं करकचून बांधलेले. मेंदूच्या पेशीत असेच सूक्ष्म बांबू असतात, त्यांच्यावरून माल ये-जा करतो. त्यांना धरून ठेवणारा सुंभ म्हणजे ‘टाउ’ हे प्रथिन. अल्झायमरमध्ये टाउवर फॉस्फेटचे कण नको तितके चिकटतात. गाठ सैल होते, सुंभ सुटतो आणि त्याचाच गुंता होऊन बसतो. मांडव ढासळतो. 1906 साली अलोइस अल्झायमर यांनी आपल्या रुग्णाच्या मेंदूत जे पाहिलं, त्यात हा गुंता होता.

फॉस्फेट उतरवणारं एक एन्झाइम पेशीत असतंच, ‘पीपी-2ए’. या आजारात ते मंदावतं. सेलेनेट त्याला परत कामाला लावतं, असं 2010 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी उंदरांत दाखवलं. त्याचाच चुलतभाऊ सेलेनाइट, फक्त एका ऑक्सिजन अणूनं कमी, पण गुणधर्म निराळे आणि विषारीपणा जास्त. तेव्हा ‘सेलेनियम चांगलं की वाईट’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठलं आणि किती, ते आधी सांगा.

मग माणसांवर चाचणी झाली, तीही ऑस्ट्रेलियातच. 40 रुग्ण, 24 आठवडे. त्यातल्या 20 जणांना दिवसातून तीनदा 10 मिलिग्रॅम सेलेनेट. मायक्रोग्रॅम नव्हे, मिलिग्रॅम! डॉक्टरांच्या देखरेखीत ते बहुतेकांना सोसलं. स्मरणशक्तीच्या चाचण्यांत दोन्ही गटांत फरक पडला नाही. पण एमआरआयच्या एका खास प्रकारात औषध घेणाऱ्यांच्या मेंदूची झीज कमी दिसली. 40 माणसांवरून निवाडा होत नाही. तरी एमआरआयमधली ती खूण सोडून देण्यासारखी नाही, म्हणूनच मी हा विषय घेतला.

मघाशी चहाच्या वेळी एका काकूंनी विचारलं, मुलगी अमेरिकेहून येतेय, ब्राझील नट मागवू का? त्यात सेलेनियम भरपूर, हे खरं. पण काकू, झाड कुठल्या मातीत वाढलं त्यावर एकेका बीतलं प्रमाण ठरतं, आणि ते कित्येक पटींनी बदलतं. 2008 साली अमेरिकेतच एका द्रवरूप टॉनिकमध्ये चुकून लेबलाच्या सुमारे 200 पट सेलेनियम पडलं होतं आणि दोनशे माणसं आजारी पडली. केस गेले, नखं गेली, शेगावसारखंच. मुलीला म्हणावं, बदाम आण. नाहीतर काही आणू नकोस, नुसती ये.