ज्युली डॅश आणि तीस वर्षं न मिळालेला दुसरा सिनेमा

नमस्कार मंडळी! आधी एक सीन सांगते.

साल 1942, हॉलिवूडचा स्टुडिओ. पडद्यावर गोरी नटी ओठ हलवतेय. काचेपलीकडे एक कृष्णवर्णीय मुलगी उभी आहे. त्या ओठांवर ती आपलं गाणं बसवते, पैसे घेते, निघून जाते. नाव कुठेच नाही.

आपल्याला हे परकं वाटायला नको. 'महल'च्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर लताबाईंच्या जागी 'कामिनी' हे पात्राचंच नाव छापलं होतं! पण इथे प्रश्न रंगाचाही आहे. ज्या गोऱ्या दिसणाऱ्या बाई हे रेकॉर्डिंग करून घेतायत, त्याही कृष्णवर्णीयच. नोकरीपायी लपवलंय. आणि गंमत बघा, गायिकेचं काम करणारी नटीसुद्धा प्रसिद्ध जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डच्या आवाजावर ओठ हलवतेय.

हा सीन 1982 च्या 'इल्यूजन्स' या लघुपटातला, जेमतेम अर्ध्या तासाच्या. दिग्दर्शिका ज्युली डॅश. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये वाढलेल्या, लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात सिनेमा शिकलेल्या.

त्यांच्या वडिलांकडची माणसं साउथ कॅरोलायनातली, गल्ला समाजाची. तिथल्या बेटांवर गुलामगिरीतून आलेल्या लोकांनी आफ्रिकेचे शब्द, स्वयंपाक, देवधर्म बराचसा टिकवला. त्यांच्यावर डॅशबाईंनी 'डॉटर्स ऑफ द डस्ट' केला. 1902 साल, एक मोठं कुटुंब बेट सोडून उत्तरेला निघालंय आणि म्हातारी आजी म्हणते, मी नाही येणार. गोष्ट सांगतंय कोण? अजून जन्माला न आलेलं मूल!

बजेट सुमारे 8 लाख डॉलर. पात्रं गल्ला बोली बोलतात आणि खाली सबटायटल नाहीत. मला पहिल्यांदा निम्मंअधिक कळलंच नाही, खरं सांगते. पण आपल्या आजीची बोली तरी आपल्याला कुठे सगळी कळते? कानावर पडत राहते, हळूहळू उमगते.

आजीचे हात मात्र नीट बघा, निळे आहेत. नीळ करणाऱ्या गुलामांचे हात इतकी वर्षं निळे राहत नाहीत, हे डॅशना ठाऊक होतं. पण पाठीवरचे चाबकाचे वळ लोकांनी पडद्यावर इतक्यांदा पाहिलेत की डोळ्यांना सवय झालीय. म्हणून त्यांनी गुलामगिरीची खूण हातावर आणली.

1991 मध्ये सनडान्स चित्रपट महोत्सवात छायाचित्रणाचं पारितोषिक आर्थर जाफाला मिळालं. तरी वितरक म्हणत, हे बघणार कोण? शेवटी किनो या छोट्या कंपनीने तो घेतला आणि जानेवारी 1992 मध्ये न्यूयॉर्कच्या फिल्म फोरम थिएटरमध्ये हाउसफुलचे बोर्ड लागले. आफ्रिकन-अमेरिकन स्त्रीने दिग्दर्शित केलेला आणि अमेरिकेत सर्वत्र थिएटरांत लागलेला हा पहिला कथापट.

मग हॉलिवूडने रांग लावली असेल? छे! तीस वर्षं उलटली तरी थिएटरसाठी दुसरा कथापट काही मिळाला नाही. डॅशबाई टीव्हीकडे वळल्या. 2002 चा 'द रोझा पार्क्स स्टोरी' त्यांचाच, अँजेला बॅसेटला घेऊन केलेला. 2004 मध्ये 'डॉटर्स' अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला. 2016 मध्ये गायिका बियॉन्सेच्या 'लेमोनेड' या गाण्यांच्या फिल्ममध्ये 'डॉटर्स'सारख्याच पांढऱ्या झग्यांतल्या बायका पुन्हा तशाच झाडांखाली दिसल्या आणि नव्या पिढीने विचारलं, हे मूळ कुणाचं?

तुम्ही आधी 'इल्यूजन्स' बघा. अर्धाच तास आहे. मग कॉमेंटमध्ये सांगा, गाणाऱ्या मुलीचा चेहरा तुम्हाला आठवतोय की त्या नटीचा?