उतरवून घेणारा
(बडोदे येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि बडोदेकर मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय 'मराठी व्याख्यानाची परंपरा आणि तिचे लेखनिक' असा छापला आहे. माझ्या वाट्याला पन्नास मिनिटे आली होती. त्यांतील सतरा मिनिटे दीपप्रज्वलन, स्वागतगीत आणि माझा परिचय यांत गेली, हे मी तक्रार म्हणून नव्हे, नोंद म्हणून सांगतो. परिचयात माझे जन्मगाव चुकले आहे, पण ते दुरुस्त करायला आणखी दोन मिनिटे लागतील, तेव्हा आजच्यापुरता मी नवसारीचा.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, व्याख्यान हे वक्त्याचे असते अशी आपली समजूत आहे, ती चुकीची आहे. बोललेले शब्द सतरंज्या गोळा होण्याच्या आत विरून जातात. मागे उरते ते कोणीतरी उतरवून घेतलेले व्याख्यान, आणि त्या 'कोणीतरी'चे नाव आपण कधी छापत नाही. हा विषय माझ्या डोक्यात कसा शिरला, ते आधी सांगितले पाहिजे.

मी महाविद्यालयात शिकत होतो तेव्हा येथील एका मंडळाने पुण्याच्या एका नामवंत लेखकाला भाषणासाठी बोलावले होते. मंडळाचे आणि लेखकाचे नाव सांगत नाही, कारण त्या मंडळींची नातवंडे आज समोर बसलेली असण्याची शक्यता आहे. स्मरणिकेसाठी भाषण उतरवण्याचे काम माझ्याकडे आले, कारण माझे अक्षर बरे होते आणि माझ्या मामाकडे टेपरेकॉर्डर होता. नव्वद मिनिटांची एक कोरी कॅसेट मला देण्यात आली, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटे. दुसरी कॅसेट मागितली तेव्हा कोषाध्यक्ष म्हणाले, "एवढे कोण बोलणार आहे?"

कॅसेटची पहिली बाजू पाहुण्यांच्या तोंडून एक शब्द निघण्याआधीच भरली. प्रास्ताविकात मंडळाचा इतिहास स्थापनेच्या दिवसापासून, वर्गणीच्या आकड्यांसह आला. त्यानंतर परिचय झाला, आणि त्यात पाहुण्यांच्या पुस्तकांची जी यादी वाचली गेली तिच्यातील दोन पुस्तके त्याच आडनावाच्या दुसऱ्याच एका गृहस्थांची होती. पाहुण्यांनी ती हसून स्वीकारली. मी कॅसेट उलटली. मग पाहुणे उठले आणि महाराष्ट्रातून येणारा प्रत्येक वक्ता जे करतो तेच त्यांनी केले: सयाजीराव महाराजांना वंदन, कमाटी बागेचे कौतुक, आणि "आपण इतक्या दूर मराठी जपलीत" हे वाक्य. (आम्ही मराठी जपली म्हणजे काय, बरणीत घालून तोंडाला फडके बांधले? आम्ही ती रोज बोलतो, म्हणून ती आहे.) या सगळ्यात दुसरी बाजूही सरत आली. तेवढ्यात पाहुण्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, आवाज एकदम खाली आणला, आणि ज्यासाठी ते आले होते ते बोलायला सुरुवात केली. त्याच क्षणी माझ्या हाताखाली 'खट्' असा आवाज झाला आणि टेप थांबला.

पुढची पंचवीस मिनिटे मी निमंत्रणपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर, मिळेल त्या मोकळ्या जागेत आणि शेवटी शेवटी तळहातावर लिहीत होतो. घरी येऊन चार रात्री बसून मी ते भाषण जुळवले. जेथे दुवा सापडेना तेथे वाक्ये माझ्या पदरची घातली, आणि भीत भीत पुण्याला पाठवले. आठ दिवसांनी कार्ड आले. त्यात लिहिले होते, "मी खिडकी म्हणालो होतो. आपण बारी लिहिले आहे. लेखकाने लिहिताना बारी उघडी ठेवावी, हे वाचून मला प्रथम घाट आठवला आणि नंतर तमाशातली संगीतबारी. बाकी मजकुरातील तीन वाक्ये माझी नाहीत, परंतु ती मला सुचायला हवी होती. ती राहू द्यावीत." आपल्याकडे घरात खिडकीला बारीच म्हणतात, गुजरातीतून आलेला शब्द आहे, आणि तो परका आहे हे मला त्या कार्डाने कळले. स्मरणिका छापून आली तेव्हा त्या तीन वाक्यांखाली अर्थातच त्यांचे नाव होते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. आठ मिनिटे. तेव्हा जो विषय पत्रिकेवर छापला आहे तो आता धावत सांगतो.

मराठी गद्याचा आरंभच मुळी उतरवून घेण्यातून झाला. महानुभाव परंपरेनुसार चक्रधरस्वामी भडोचचे, म्हणजे आपल्या शेजारचे. त्यांच्या लीळा, म्हणजे त्यांच्या आयुष्यातील प्रसंग, त्यांनी स्वतः लिहिल्या नाहीत. त्यांच्यामागे म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांकडून आणि इतर प्रत्यक्षदर्शींकडून विचारून विचारून त्या गोळा केल्या. शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी झाली, तिच्या शेवटी सच्चिदानंदबाबा 'लेखकु जाहला' अशी नोंद आहे. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी उतरवणाऱ्याचे नाव ग्रंथात येत होते आणि आमच्या स्मरणिकेत येत नाही.

ज्या 1875 साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्याच वर्षी स्वामी दयानंदांची पुण्यात व्याख्याने झाली. ते बोलले हिंदीत, परंतु ती टिपून छापली गेली मराठीत, आणि पुढे हिंदी वाचकांसाठी मराठीवरून पुन्हा हिंदीत आणावी लागली. वक्त्याचे शब्द त्याच्याच भाषेत परत न्यायला दुभाष्या लागला, यापेक्षा मोठा पुरावा माझ्याकडे नाही. महाराज सयाजीरावांची गोष्ट वेगळी. त्यांची भाषणे छापील मिळतात, कारण राजाचे शब्द टिपायला दरबार असतो.

आता आपल्या गावचे विनोबा. शिक्षण बडोद्यात झाले. येथेच त्यांनी आपली प्रमाणपत्रे आईसमोर चुलीत घातली आणि 1916 मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला जायला निघून सुरतेहून काशीची वाट धरली. कागदाविषयी इतका निर्मोही माणूस 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलला, 21 फेब्रुवारी ते 19 जून, ओळीने अठरा रविवार, रविवारी एक अध्याय. समोर कैदी बसलेले, आणि त्यांच्यात साने गुरुजी लिहून घेत असलेले. त्या तुरुंगात गुरुजी नसते, तर 'गीताप्रवचने' हे पुस्तक आज आपल्या घरांत असते काय? वेगाने बोलणाऱ्याच्या मागे हाताने धावणे, आणि धावताना आपले शब्द त्याच्या शब्दांत मिसळू न देणे, हे काम काय आहे ते मी चार रात्री अनुभवले आहे. मी तीन वाक्ये मिसळली.

दुसरी चिठ्ठी आली. आणखी चार उदाहरणे होती, ती सोडतो. एक सूचना मात्र मांडतो आणि कार्यवाहांनी ती इतिवृत्तात घ्यावी अशी विनंती करतो. पुढील वर्षापासून निमंत्रणपत्रिकेवर वक्त्याच्या नावाखाली 'शब्दांकन' अशी ओळ असावी, त्यापुढे नाव असावे, आणि वक्त्याला शाल-श्रीफळ दिले जाते त्यातले निदान श्रीफळ तरी त्या व्यक्तीकडे जावे. आज तिसऱ्या रांगेत एक मुलगी मघापासून वहीत लिहीत आहे. बाई, माझे जन्मगाव नवसारी नाही, तेवढे दुरुस्त करून घ्या.