आधी पंखा बंद करा: इंदूरच्या खोलीतून २०२४ चे इंडी अल्बम

(दृश्य: इंदूर, लोकमान्य नगर. सकाळचे आठ. गल्लीच्या तोंडाशी कचरागाडीचा भोंगा. एक हात खिडकी लावून घेतो.)

२०२४ च्या सर्वोत्तम इंडी, म्हणजे ‘इंडिपेंडंट’ अल्बमांची वर्षअखेरची यादी नीट ऐकून कशी करायची, ते या फितीत. एक गोष्ट आधीच सांगून टाकू. या फितीत दहाएक अल्बमांची नावं येतील, पण त्यांतलं एकही गाणं वाजणार नाही. हक्कांची परवानगी नसेल तर छोटासा तुकडाही यूट्यूबची यंत्रणा हेरते आणि व्हिडिओची कमाई जाते, कधी व्हिडिओच जातो. तेव्हा दिसतील ते स्पीकर, खुर्च्या, वह्या. ऐकायचं काम तुमचं.

इंदुरात सकाळी शांतपणे काही ऐकायचं असेल तर कचरागाडी पुढच्या चौकात जाईपर्यंत थांबावं लागतं. मग दूधवाला, शाळेच्या रिक्षा, कुकरच्या शिट्ट्या. त्यामुळे खरी वेळ रात्री दहानंतरची. नाहीतर रविवारी, घरातली मंडळी पोहे-जलेबी आणायला बाहेर पडतात तेव्हा. कारण एक अल्बम या गलक्यात ऐकला आणि दुसरा रात्री अकराला हेडफोनवर, तर डिसेंबरात दुसराच वर जातो. वर्षाच्या याद्या बहुतेकदा अशाच बिघडतात, आणि दोष मात्र आवडीनिवडीला दिला जातो.

(दृश्य: फोनच्या पडद्यावर अल्बमचं पान. बोट खाली, अगदी तळाशी जातं.)

यादीत काय घ्यायचं, हे पहिलं भांडण. इंडी म्हणजे आवाज की मालकी? शब्दाचा इतिहास पाहिला तर दोन्ही नाही, वितरण. ब्रिटनमध्ये जानेवारी १९८० पासून इंडी विक्रीची वेगळी यादी निघू लागली. रेकॉर्ड बड्या कंपन्यांच्या वितरणाबाहेरून दुकानात पोचली की ती त्या यादीत धरायची, एवढीच अट. गिटार खरखरीत आहे की नाही, कोणी विचारत नव्हतं. म्हणूनच १९८० च्या दशकाच्या शेवटी कायली मिनोगची गुळगुळीत पॉप गाणी इंडी यादीत वर दिसतात.

आज मालकी तपासायची तर अल्बमच्या पानाच्या तळाशी वर्तुळातला ‘पी’ शोधा. त्यापुढचं नाव ध्वनिमुद्रणाच्या मालकाचं. ओळ मात्र शेवटपर्यंत वाचा. पुष्कळदा सुरुवातीला कलाकाराचं नाव असतं आणि पुढे ‘अमुक कंपनीला परवाना’ अशी शेपटी असते, खरी गोष्ट त्या शेपटीत.

आमची चाळणी मालकीची: मालक बडी कंपनी असेल तर अल्बम बाहेर. तिच्यात चांगली माणसं गळतात. पाकिस्तानी-अमेरिकन गायिका अरूज आफताबचा ‘नाइट रेन’ २०२४ च्या मे महिन्यात आला. रात्री ऐकण्यासारखं त्या वर्षी त्याच्या तोडीचं फार थोडं होतं. पण तो वर्व्ह या लेबलचा, आणि वर्व्ह युनिव्हर्सल या बड्या कंपनीची. तिचाच २०२१ चा ‘व्हल्चर प्रिन्स’ न्यू अ‍ॅम्स्टरडॅम या छोट्या लेबलवर आला होता, तो बसला असता. गाणारी तीच, उर्दू तीच, यादी वेगळी. इंग्लिश टीचर या लीड्सच्या बँडचंही तेच. ‘धिस कुड बी टेक्सस’ला ब्रिटनचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला, ऐकायला अगदी इंडी, पण आयलंड या लेबलवर, म्हणजे पुन्हा युनिव्हर्सल. नियम कठोर आहे, मान्य. पण सैल सोडला की ‘इंडी’ म्हणजे ‘मला आवडलेलं’ एवढाच अर्थ उरतो. आणि कडा कितीही कापली तरी धागे निघतातच: सब पॉप या अमेरिकन कंपनीला सगळे इंडी म्हणतात, पण १९९५ मध्ये तिचा ४९ टक्के हिस्सा वॉर्नर या बड्या कंपनीकडे गेला.

दुसरं भांडण, अल्बम कशाला म्हणायचं. स्ट्रीमिंगवाल्यांचा हिशोब सोपा आहे: सात किंवा जास्त गाणी, नाहीतर एकूण ३० मिनिटांपेक्षा जास्त वेळ. चार ते सहा गाणी आणि ३० मिनिटांच्या आत, तर ईपी, म्हणजे अल्बमचं धाकटं भावंड. हा नियम परका वाटत असेल तर घरचं उदाहरण घ्या. इंदूर घराण्याच्या अमीर खांसाहेबांची ती एलपी: एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. ‘गाणी’ दोनच. पण एलपीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मावतात, त्यामुळे वेळेच्या कलमाखाली ती पूर्ण अल्बम ठरते. आणि अमेरिकन गायिका जेसिका प्रॅटचा ‘हिअर इन द पिच’ जेमतेम २७ मिनिटांचा असून नऊ गाण्यांमुळे बसतो.

(दृश्य: खोली. दोन स्पीकर, समोर खुर्ची, मोजपट्टी. कोपऱ्यात कापसाची गादी उभी केलेली.)

आता खोली. दोन स्पीकर आणि ऐकणारा, असा समभुज त्रिकोण. मध्यमवर्गीय घरात दीड ते दोन मीटरची बाजू पुरे. भिंतीपासून निदान हातभर पुढे, नाहीतर खर्ज फुगतो आणि प्रत्येक अल्बम ‘भारदस्त’ वाटू लागतो. कोपऱ्यात गादी उभी केली तर ती गुंज थोडी कमी होते. लोखंडी कपाटाच्या दाराला कागदाची घडी लावा. काही विशिष्ट सुरांना ते थरथरतं आणि दोष गायकाच्या माथी जातो.

मग पंखा. अमेरिकन गायिका एड्रिअन लेंकरचा ‘ब्राइट फ्यूचर’ जंगलातल्या स्टुडिओत अ‍ॅनालॉग टेपवर मुद्रित झालाय. पहिलं गाणं, ‘रिअल हाउस’, जवळपास नुसता पियानो आणि आवाज. खोलीतली कुरकुरसुद्धा त्यात आहे. पंखा पाचवर असेल तर ती सगळी गिळली जाते. इंदूरच्या मे महिन्यात पंखा बंद करून ऐका म्हणणं म्हणजे शिक्षा. तेव्हा मार्चमध्ये आलेला हा अल्बम पुन्हा ऐकण्यासाठी नोव्हेंबरपर्यंत राखून ठेवावा. गिटारवाले दणकट अल्बम उन्हाळ्यात चालतात.

सगळ्यात मोठा चोर म्हणजे आवाजाची पातळी. दोन अल्बमांत एका डेसिबलचा फरक असेल तर कानाला तो ‘जोरात’ असा कळत नाही, ‘चांगला’ असा कळतो. पातळी वाढली की खर्ज आणि तार दोन्हीकडची धार जास्त जाणवते, म्हणून. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर सगळं उणे १४ लफ्सच्या (आवाज किती मोठा जाणवतो त्याचं माप) आसपास आणतं, अ‍ॅपल म्युझिक ‘साउंड चेक’ हे पातळी सारखी करणारं सेटिंग चालू असेल तर उणे १६. यूट्यूब जोरातलं खाली आणतं, पण हळू असलेलं वर नेत नाही. विकत घेतलेल्या फाइलला तर कोणीच हात लावत नाही. म्हणजे एक अल्बम इथे आणि दुसरा तिथे ऐकला की तुलना संपली.

उपाय दोन. सगळं एकाच ठिकाणी ऐका. आणि प्लेलिस्टमधून कधीही नको, अल्बमच्या पानावरूनच. अल्बम सलग लावला तर स्पॉटिफाय संपूर्ण अल्बमला एकच वजन लावतं, हळू गाणं हळूच राहतं. प्लेलिस्टमध्ये ते प्रत्येक गाणं वेगळं तोलतं आणि कुजबुज, आरोळी एका पट्टीत येतात. फाइली असतील तर संगणकावर फूबार २००० या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्राममध्ये रिप्लेगेन, म्हणजे पातळी सारखी करणारं मोजमाप, ‘अल्बम’ पद्धतीने करून घ्या. शेवटची खात्री फोनवरच्या डेसिबल अ‍ॅपने: खुर्चीपाशी साधारण ७५. फोनचा आकडा अचूक नसतो, पण तोच फोन त्याच जागी ठेवला तर तुलनेला पुरतो.

इक्वलायझर बंद. फोनचा डॉल्बी बंद. शफल बंद. आणि क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं संपता संपता दुसरं सुरू करणारं सेटिंग, तेही बंद, हे विसरू नका. हार्पवादक नाला सिनेफ्रोचा ‘एंडलेसनेस’ दहा भागांचा आहे, नावंही ‘कंटिन्यूअम १’ ते ‘१०’. हार्प, सिंथ, सॅक्सोफोन एकाच धाग्यावर चढत जातात. पाच सेकंदांचा क्रॉसफेड असेल तर प्रत्येक सांध्यावर दोन भाग एकमेकांवर चढतात आणि ऐकणारा म्हणतो, ‘विस्कळीत आहे.’ विस्कळीत सेटिंग आहे.

(दृश्य: वही. रकाने: तारीख, कितवी ऐक, गाणं, मिनिट, शेरा.)

वहीत तारे देऊ नका. लक्ष जिथे उडालं ते मिनिट लिहा. प्रत्येक अल्बम तीनदा: एकदा काम करता करता, एकदा खुर्चीत बसून, एकदा दोन आठवड्यांनी. चाळीस अल्बम, सरासरी चाळीस मिनिटं, तीन वेळा, म्हणजे ८० तास. हे डिसेंबरात होत नाही, जानेवारीपासून वाटून घ्यावं लागतं. २०१५ पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी येतात, आणि एकाच शुक्रवारी दोन मोठे आले की एक मागे पडतो. २२ मार्च २०२४ ला लेंकरसोबत अमेरिकन गायिका वॅक्सहॅचीचा ‘टायगर्स ब्लड’ आला. ६ सप्टेंबरला सिनेफ्रोसोबत अमेरिकन गायक-गिटारवादक एमजे लेंडरमनचा ‘मॅनिंग फायरवर्क्स’.

लेंडरमनबद्दल दोन इशारे. एक, ‘टायगर्स ब्लड’मध्येही तो वाजवतो आणि गातो, ‘राइट बॅक टु इट’मधला दुसरा आवाज त्याचाच. एकाची सवय झाली की दुसरा आपोआप आवडतो, तेव्हा दोघांच्या दुसऱ्या ऐकण्यात महिनाभराचं अंतर ठेवा. दोन, त्याच्या अल्बमचं शेवटचं गाणं दहा मिनिटांचं आहे आणि त्यातला मोठा भाग नुसता घरघरणारा, लांबत जाणारा नाद. इथे लोक चहा टाकायला उठतात. आमच्या मते ते गाणं थोडं लांबलंय, पण आधीची आठ गाणी इतकी चटकदार आहेत, वाक्यावाक्याला हसवून मग टोचणारी, की हा शेवट ऐकल्याशिवाय ती खोटी वाटतात.

ब्रिटिश गायिका बेथ गिबन्सचा ‘लाइव्ह्ज आउटग्रोन’ दहा वर्षं शिजत होता. त्यात तालाला घरातली भांडी-डबे वापरलेत, आणि ढोलाचा नेहमीचा कडकडीत आघात जवळजवळ नाही. हा फोनच्या स्पीकरवर ऐकलात तर काहीच हाती लागणार नाही. त्याचं सगळं बळ मधल्या आणि खालच्या पट्टीत आहे. दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी या बँडचा ‘बीटा’ उलट कुठेही चालतो, रिक्षातसुद्धा. सूर्यकांत साहनीचा तो जड, जुन्या सिनेमातल्यासारखा आवाज आणि मागे ट्रम्पेट. या यादीत देशाभिमानाने कोणाला ढकलायची गरज नाही, हा स्वतःच्या पायावर येतो. गायिका गणव्याच्या ‘डॉटर ऑफ अ टेम्पल’ला मात्र वेळ द्यावा लागतो, एकीकडे हरिकथेचे संस्कार, दुसरीकडे कोल्ट्रेनचं जॅझ. कीर्तन ऐकत वाढलेल्या कानांना त्याची संथ पुनरावृत्ती अडत नाही, उलट ओळखीची वाटते.

आणि कॅनडाची सिंडी ली. ‘डायमंड ज्युबिली’, ३२ गाणी, दोन तासांहून थोडा जास्त. मार्चअखेर आला तो यूट्यूबवर एकाच लांब व्हिडिओत, आणि जुन्यापुराण्या वळणाच्या एका जिओसिटीज पानावर, तिथून फाइल उतरवायची आणि हवे तर पैसे पाठवायचे. स्ट्रीमिंगवर तेव्हा नव्हताच. त्यामुळे अर्ध्या लोकांनी तो ऐकलाच नाही, आणि ज्यांनी ऐकला त्यांनी एका बैठकीत संपवायचा हट्ट धरून तिसाव्या मिनिटाला नाद सोडला. दोन रात्रींत ऐका, सोळा-सोळा गाणी. धुळकट रेडिओवर रात्री उशिरा लागलेल्या, साठच्या दशकातल्या वाटणाऱ्या, पण कधीच अस्तित्वात नसलेल्या गाण्यांसारखं ते आहे. आमचा पहिला क्रमांक हाच. दुसरा प्रॅटचा, आणि गंमत अशी की पहिल्याच्या वेळेत दुसरा चारदा ऐकून होतो.

(दृश्य: पाच चिठ्ठ्या. कॅल्क्युलेटर.)

पाच जण मिळून यादी करणार असाल तर गुण मोजायची पद्धतच निकाल ठरवते. नेहमीची रीत: पहिल्याला १०, दहाव्याला १. समजा एक अल्बम पाचही जणांनी सहावा ठेवला: पाच पाचे २५. दुसरा दोघांनी पहिला ठेवला, बाकीच्यांनी घेतलाच नाही: २०. सगळ्यांना ‘ठीक’ वाटलेला जिंकला, दोघांना वेड लावणारा हरला. न्यू यॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकाच्या जुन्या समीक्षक मतदानात यावर तोड होती: प्रत्येकाकडे १०० गुण, दहा अल्बमांत वाटायचे, एकाला कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त ३०. आता तेच उदाहरण: समजा पाच जणांचे आठ-आठ, म्हणजे ४०, दोघांचे तीस-तीस, म्हणजे ६०. वेड जिंकतं. आम्ही हीच पद्धत सुचवू, एका अटीवर: अल्बम निदान तिघांनी पूर्ण ऐकलेला असावा, नाहीतर दोन दोस्त मिळून कोणालाही निवडून आणतील.

(दृश्य: लॅपटॉप, बँडकॅम्पचं पान.)

यादी झाली की त्यातले दोन-तीन तरी विकत घ्या. बँडकॅम्प ही कलाकारांचं संगीत थेट विकणारी साइट डिजिटल विक्रीतून साधारण १५ टक्के कापतं. मार्च २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी ते आपला वाटा सोडतं, मग पेमेंटचा खर्च वजा जाता सगळं कलाकाराकडे किंवा लेबलकडे. फक्त तो शुक्रवार अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला लागतो, हिवाळ्यात दीडला, आणि शनिवारी त्याच वेळी संपतो. सकाळी चहाबरोबर घेतलात तर कपात झालीच. कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून आदल्या दिवशी चालू करून ठेवा. उतरवताना फ्लॅक, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणारी फाइल, निवडा. चाळीस मिनिटांना अडीचशे एमबी धरा.

(दृश्य: भिंतीवरचं घड्याळ. डिसेंबरातला शुक्रवार, दुपारचे एक वीस. कर्सर खरेदीच्या बटणावर. अजून दहा मिनिटं.)