चार रंगांची गावठी

पोर्तुगालमध्ये विमानतळावरच कोंबडा भेटतो आणि मग पिच्छा सोडत नाही. फ्रिजच्या चुंबकावर कोंबडा, टॉवेलवर कोंबडा, बाटलीच्या बुचावरही तोच. काळं अंग, लाल तुरा. हा उत्तरेकडच्या मिन्यो प्रांतातल्या बार्सेलुशचा मातीचा कोंबडा. निरपराध यात्रेकरूचा फास चुकवायला ताटातला भाजलेला कोंबडा आरवला, अशी त्याची दंतकथा.

त्याच मिन्यो प्रांतात खराखुरा काळा कोंबडा मात्र शोधावा लागतो. जात प्रेटा लुझितानिका. उन्हात आला की पिसांवर हिरवी झाक चढते. शिवाय तांबूस-पिवळी आमारेला, पांढरी ब्रांका आणि करड्या-पांढऱ्या पट्ट्यांची पेद्रेश. पोर्तुगालच्या या चार गावठी जाती, मूळच्या उत्तरेकडच्या.

पेद्रेशचं हे एका दिवसाचं पिल्लू बघा. अंग काळं, डोक्यावर पांढरा ठिपका. ठिपका मोठा, पसरट असेल तर बहुधा नर. लहान, आटोपशीर असेल तर मादी. पट्ट्यांचं जनुक नराला आई-बाप दोघांकडून मिळतं, मादीला फक्त बापाकडून. मोठेपणीही कोंबडा कोंबडीपेक्षा फिकट दिसतो तो त्यामुळेच.

मका आणि परसातल्या कोबीची पानं खाऊन ही पाखरं वाढायची. मग पाच-सहा आठवड्यांत तयार होणारा ब्रॉयलर आला. गावठीला कित्येक महिने लागतात, थांबतंय कोण? त्यात तरुण मंडळी कामासाठी फ्रान्सला गेली आणि खुराडी ओस पडली.

आज चारही जातींची वंशावळ ‘आमिबा’ ठेवते. ही संस्था मुळात बारोझां गायी पाळणाऱ्यांची! गायीचं एक बरं असतं, वीर्य गोठवा, भ्रूण गोठवा, काम झालं. कोंबडीचं अंडं तसं गोठवता येत नाही, बलक भलताच मोठा. कोंबड्याचं वीर्य गोठवलं तरी त्यात मादीचं गुणसूत्र नसतं. म्हणून कोंबडी जिवंत, अंगणातच हवी. खुडूक बसणारी, २१ दिवस अंडी न सोडणारी. आणि कोंबडा दुसऱ्या गावचा. नात्यातच जोड्या लागत गेल्या की अंडी फोल निघतात, पिल्लं दगावतात.

पिल्लांत निम्मे नर. आठ-दहा कोंबड्यांना एक पुरतो, मग बाकीच्यांचं काय? मिन्योत त्यांची काबिदेला होते, म्हणजे रक्त घालून शिजवलेला कोंबडी-भात. कापताना रक्त व्हिनेगरमध्ये धरतात, म्हणजे ते साकळत नाही. भात शिजत आला की ओततात. भात तपकिरी, आंबटसर होतो. (गोव्यात काबिदेल म्हटलं की डुकराचं.) या कोंबड्यांना गिऱ्हाईक मिळालं, तरच पुढच्या पिल्लांच्या मक्याचा खर्च निघतो.